कमी आवाजात ट्यूब ॲम्पचा टोन जातो कुठे, आणि परत कसा आणायचा

नाशिकच्या गंगापूर रोड किंवा इंदिरानगरमधल्या साध्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये, दार लावून, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सोसवेल इतक्या आवाजात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, तर ट्यूब ॲम्पनं, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरनं, स्पीकरला किती वीज द्यायची? सुमारे ३ मिलिवॅट. वॅट नव्हे, मिलिवॅट. हिशेब सरळ आहे. गिटारच्या चांगल्या बारा इंची स्पीकरला १ वॅट दिला की तो एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. घरात चालेल अशी पातळी धरू ७५ डेसिबल, आणि तीही जरा सैल हातानं धरलेली आहे. शंभरावरून पंचाहत्तरावर यायचं, तर त्या एका वॅटचे तीनशेहून जास्त भाग करून त्यातला एकच वापरावा लागतो.

तुमचा ॲम्प १५ वॅटचा असेल, तर बेडरूममध्ये तो आपल्या ताकदीच्या पाच हजाराव्या हिश्श्यावर चालतो. पूर्ण ताकदीला ८ ओहमच्या स्पीकरवर जवळजवळ ११ व्होल्ट जातात; घरी जातात ०.१६ व्होल्ट. स्टेजवर जो ॲम्प पहिल्याच कॉर्डला भरून आला होता, तोच घरी पातळ, कोरडा आणि टोचरा वाटतो, यात नवल नाही.

याचं कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, 'पॉवर ट्यूब जोरात चालत नाहीत ना, म्हणून.' पॉवर ट्यूब म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूब. मग लगेच काहीतरी विकत घेण्याचा विषय निघतो. त्या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. टोन एकाच जागी हरवत नाही. तो चार-पाच जागी थोडा थोडा गळतो, आणि त्यातल्या दोन मोठ्या जागांचा पॉवर ट्यूबशी काही संबंध नाही. एक म्हणजे आपला कान, आणि दुसरी म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबमागे बसलेला एक छोटा कपॅसिटर. कुठे काय गळतं हे कळलं, तर निम्मी दुरुस्ती पैसे न घालता होते.

सिग्नलचा रस्ता

गिटारच्या पिकअपमधून (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या भागातून) येणारा सिग्नल व्होल्टच्या एखाद्या अंशाएवढा असतो. तो आधी प्रीॲम्पच्या, म्हणजे सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या भागाच्या, लहान ट्यूबमध्ये जातो. ही बहुधा १२एएक्स७ असते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिथून बेस-मिड-ट्रेबलच्या नॉबमधून तो फेज इन्व्हर्टरकडे येतो. फेज इन्व्हर्टर त्याच्या एकमेकांच्या उलट अशा दोन प्रती करतो आणि पॉवर ट्यूबच्या जोडीला देतो: ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ किंवा ६एल६. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर ट्यूबकडचा जास्त व्होल्टेज-कमी करंट स्पीकरला चालणाऱ्या कमी व्होल्टेज-जास्त करंटमध्ये बदलतो.

यातला प्रत्येक टप्पा कुवतीबाहेर गेला की आवाजाच्या लाटेचे शेंडे दाबतो (हेच डिस्टॉर्शन), आणि प्रत्येकाची दाबण्याची रीत निराळी असते. प्रीॲम्पचं डिस्टॉर्शन बारीक दाण्याचं, थोडं भुणभुणणारं असतं. फेज इन्व्हर्टर आणि पॉवर ट्यूबचं जाडसर असतं आणि बोटांच्या जोरावर लगेच बदलतं. काही ॲम्पमध्ये रेक्टिफायरही (एसीचा डीसी करणारा भाग) ट्यूबचाच असतो. जोरात कॉर्ड मारली की तिथला व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि सावकाश वर येतो, म्हणून सूर आधी दबतो आणि मग फुलतो. बऱ्याच ॲम्पमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग मागे फेज इन्व्हर्टरकडे परत नेलेला असतो, त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. तो पॉवर ॲम्पला शिस्तीत ठेवतो. प्रेझेन्सचा, म्हणजे अगदी वरच्या सुरांची धार कमी-जास्त करणारा, नॉब याच वाटेवर असतो. पॉवर ट्यूब कुवतीबाहेर गेल्या की ही शिस्त सुटते आणि आवाज मोकळा होतो. ३ मिलिवॅटला मात्र ती पूर्ण लागू असते, म्हणून सगळं आवळल्यासारखं ऐकू येतं.

हे सगळं खरं आहे आणि ते परत मिळवण्याचे उपायही आहेत. पण मी सुरुवात तिथून करणार नाही, कारण त्याहून मोठी गळती पुढे आहे.

आधी कानाचं पाहा

कान सगळ्या सुरांना सारखं मानत नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी हे मोजून दाखवलं. आवाज मोठा असताना खर्ज, मधले सूर आणि वरचे सूर कानाला बऱ्यापैकी समतोल ऐकू येतात. आवाज कमी होत गेला की खर्ज मधल्या सुरांपेक्षा फार लवकर नाहीसा होतो. अगदी वरचे सूरही काहीसे मागे पडतात. ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास कान सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे तो पट्टा शेवटपर्यंत टिकतो. आता गिटारकडे बघा. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे जिथे कान आधी हार मानतो तिथला. आणि पिक तारेवर घासल्याचा टोकदार आवाज नेमका कानाच्या तीक्ष्ण पट्ट्यात.

म्हणजे ॲम्पमध्ये काहीही न बदलता, नुसता आवाज कमी झाल्यानं गिटार पातळ आणि टोचरी वाटते. कितीही महागडं यंत्र ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसवलं तरी हे होणारच.

ज्यांच्या घरी जुना स्टिरिओ किंवा डेक होता त्यांना 'लाउडनेस' लिहिलेलं बटण आठवत असेल. ते आवाज वाढवण्यासाठी नव्हतंच. रात्री हळू आवाजात गाणी ऐकताना कान जो खर्ज गमावतो, तो उचलून देण्यासाठी होतं. गिटार ॲम्पवर असं बटण सहसा नसतं, म्हणून ते काम आपल्याला हातानं करावं लागतं.

त्यासाठी एक सवय लावून घ्या: आधी आवाजाची पातळी ठरवा, आणि मगच टोनचे नॉब शून्यापासून लावा. बँडच्या सरावात जमलेल्या सेटिंगचा फोटो काढून घरी तसेच नॉब लावणारे बरेच आहेत, आणि मग ते ॲम्पला दोष देतात. घरी बेस सरावातल्यापेक्षा बराच वर लागेल, मिडही थोडा वर. ट्रेबल आणि प्रेझेन्स खाली. उलट दिशेनंही हेच खरं आहे. बेडरूममध्ये गोड लागलेलं सेटिंग सुलाफेस्टसारख्या उघड्या मंचावर नेलं, तर खर्ज गडगडेल आणि गिटार बाकीच्या वाद्यांत बुडेल.

ॲम्पच्या नॉबनं भागत नसेल तर सात पट्ट्यांचं इक्वलायझर पेडल घ्या. या पूर्ण विषयात पैशाच्या मानानं सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू मला तीच वाटते. तिची जागा महत्त्वाची आहे. ॲम्पला इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधे पेडल जोडायची जागा) असेल तर पेडल तिथे लावा, म्हणजे ते प्रीॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर येईल. डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज वाढवला तर चिखल होतो. नंतर वाढवला तर नुसता भरीवपणा येतो. १०० हर्ट्झचा खटका ३ ते ५ डेसिबल वर, २०० चा किंचित वर, ३.२ किलोहर्ट्झचा थोडा खाली. इथून सुरुवात करा आणि आपल्या खोलीप्रमाणे बदला.

दोन सेटिंगची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप त्यासाठी पुरेसं आहे. एक-दोन डेसिबलनं मोठं असलेलं सेटिंग माणसाला हमखास 'बरं' वाटतं, आणि त्या फसगतीत चांगल्या सेटिंग वाया जातात.

ॲम्प कुठे ठेवता यावरही बरंच अवलंबून आहे. बारा इंची स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत, अरुंद झोतात जातात. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही पलंगावर, असं असेल तर तो झोत गुडघ्यांना लागतो. कानाला ट्रेबल कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता, आणि समोर बसलेल्याचे कान फुटतात. ॲम्प स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा, जेणेकरून तो कानाकडे बघेल. खर्ज हवा असेल तर ॲम्प भिंतीजवळ, शक्य असल्यास कोपऱ्यात सरकवा. भिंती आणि फरशी खर्ज उचलून धरतात. स्टेजवर आपण हेच टाळतो, पण घरी ते उपयोगी पडतं.

यात एक अट आहे. शेजाऱ्यांशी सामायिक असलेली भिंत निवडू नका, बाहेरच्या बाजूची निवडा. आणि ॲम्प थेट फरशीवर न ठेवता जाड फोमवर किंवा रबराच्या तुकड्यांवर ठेवा. विटांची, प्लास्टर केलेली भिंत मधले-वरचे सूर चांगले अडवते. स्लॅबमधून जाणारी धडधड अडवत नाही. शेजारी सरळ विचारणं सर्वांत चांगलं. 'काकू, काल संध्याकाळी आवाज आला का हो तुमच्याकडे?' असं विचारलं की बहुधा उत्तर येतं, 'गाणं नाही ऐकू आलं रे, पण धप् धप् होत होतं.' ते धप् धप् म्हणजे स्लॅबमधून गेलेला खर्ज. तो फोमनं कमी होतो, व्हॉल्यूम आणखी खाली करून तितका होत नाही.

थोडा रिव्हर्बही (कृत्रिम घुमारा) लावा. मोठ्या आवाजात खोली स्वतःच उत्तर देते. कमी आवाजात ते उत्तर पंख्याच्या घरघरीखाली झाकलं जातं, आणि गिटार कानाजवळ कुणीतरी कागद फाडल्याइतकी कोरडी लागते. किंचित रिव्हर्ब ती जागा भरून काढतो.

व्हॉल्यूमच्या नॉबमागचा कपॅसिटर

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो, म्हणून नीट सांगतो. अनेक ॲम्पमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रोधावर) एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, त्याला ब्राइट कॅप म्हणतात. कपॅसिटर वरच्या सुरांना सहज जाऊ देतो आणि खालच्यांना अडवतो. त्यामुळे व्हॉल्यूम खाली असताना बाकीचे सूर पॉटच्या रोधातून मार खात येतात, पण ट्रेबल कपॅसिटरच्या वाटेनं बिनधास्त पुढे जातो. व्हॉल्यूम जसजसा वर जातो तसतसा हा परिणाम कमी होतो, आणि पूर्ण दहावर तो उरतच नाही.

म्हणजे कमी व्हॉल्यूमला ॲम्प खरोखरच जास्त टोकदार वाजत असतो, तो नुसता कानाचा भास नसतो. कान आधीच खर्ज गमावून बसलेला, त्यात ॲम्पही ट्रेबल वाढवून देतो. या दोन्हींची बेरीज म्हणजे बेडरूममधला तो चिरका आवाज.

उपाय काही आहेत. ॲम्पवर 'ब्राइट' असा स्विच असेल तर घरी तो बंद ठेवा. दोन चॅनेल किंवा दोन इनपुट असतील तर 'नॉर्मल' वापरून बघा. याहून चांगली युक्ती म्हणजे ॲम्पचा व्हॉल्यूम थोडा वर न्या आणि आवाज गिटारवरच्या नॉबनं कमी करा. गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणला की पॉटचा रोध आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ट्रेबल थोडा खातात. एरवी ही तक्रार असते, पण इथे ती ब्राइट कॅपच्या नेमकी विरुद्ध काम करते, आणि दोन्ही मिळून समतोल येतो. गिटारला ट्रेबल ब्लीड (व्हॉल्यूम कमी केल्यावरही ट्रेबल टिकवणारी जोडणी) बसवलेलं असेल तर हा फायदा मिळणार नाही, हे लक्षात असू द्या.

कपॅसिटर कायमचा काढायचा किंवा त्याला स्विच लावायचा, तर तो सोल्डरिंगचा विषय आहे आणि जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा. ट्यूब ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून जास्त डीसी असतो, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. साध्या इलेक्ट्रिशियनलाही याची कल्पना असेलच असं नाही.

व्हॉल्यूम एकवरून दोनवर नेला की आवाज एकदम उडी मारतो, अशी तक्रार फेंडरच्या हॉट रॉड डिलक्ससारख्या ॲम्पबद्दल नेहमी ऐकू येते. तिथे पहिली १२एएक्स७ काढून कमी गेनची, म्हणजे सिग्नल कमी पटीनं वाढवणारी, ट्यूब लावता येते. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा सुमारे ४५. खाचा सारख्याच असल्यानं सोल्डरिंग लागत नाही: ॲम्प बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या, ट्यूब बदला. नॉबला वावर मिळतो आणि दोन-तीनच्या मधल्या जागा वापरता येतात. डिस्टॉर्शन कमी होईल, ते पेडलनं भरून काढता येतं.

प्रीॲम्प, मास्टर आणि पेडल

१९६० च्या दशकात ॲम्प मोठे झाले ते गरजेपोटी. सभागृहातली पीए सिस्टीम (श्रोत्यांसाठीची माइक-स्पीकरची यंत्रणा) दुबळी होती आणि गिटारचा आवाज ॲम्पनंच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा होता. मार्शलनं १९६५ मध्ये 'द हू' या बँडच्या मागणीवरून १०० वॅटचे ॲम्प बनवले. त्या ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. गोड आवाज हवा तर सगळंच मोठं करावं लागे. १९७५ मध्ये मार्शलनं मास्टर व्हॉल्यूमचं मॉडेल आणलं. प्रीॲम्प जोरात चालवा आणि पॉवर ॲम्पकडे जाणारा सिग्नल मास्टरनं कमी करा, ही त्यामागची कल्पना. आज जवळजवळ सगळीकडे ती असते.

मास्टरची मर्यादा वर आलीच आहे: त्यानं फक्त प्रीॲम्पचं डिस्टॉर्शन मिळतं. त्यामुळे घरी लोक जाडी आणण्यासाठी गेन आठ-नऊवर नेतात, आणि पदरात पडते ती भुणभुण. माझा आग्रह उलटा आहे. कमी आवाजात गेनही थोडा कमी ठेवा, चारच्या आसपास, आणि समोर ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त. पेडल प्रीॲम्पला पुढे ढकलतं, दोन ठिकाणी थोडं थोडं दाबलं जातं, आणि एकाच ठिकाणी खूप दाबण्यापेक्षा ते कानाला बरं लागतं. ट्यूब स्क्रीमरसारखी पेडल ७०० हर्ट्झच्या आसपासचे मधले सूर वर काढतात आणि खर्ज कापतात. तो खर्ज मागाहून लूपमधल्या इक्वलायझरनं परत द्या.

मास्टर नसेल पण इफेक्ट्स लूप असेल, तर लूपमध्ये साधं व्हॉल्यूम पेडल किंवा एक पॉट बसवलेली छोटी डबी लावली तरी तेच काम होतं.

ॲटेन्युएटर

आता पॉवर ट्यूबचं. त्यांना जोरात चालवायचं आणि तरी स्पीकरला कमी वीज द्यायची, तर मधे काहीतरी बसवावं लागतं, जे उरलेली वीज उष्णता करून टाकेल. हाच ॲटेन्युएटर. 'बोस्टन' बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ मुळात एमआयटीमध्ये शिकलेला इंजिनिअर. १९८० च्या सुमारास त्यानं 'पॉवर सोक' नावानं असं यंत्र विकायला आणलं, आणि गिटारवाल्यांमध्ये ही कल्पना पसरली.

याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतल्याशिवाय खरेदी करू नये. ८ ओहम लिहिलेला स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. त्याच्या स्वतःच्या अनुनादाच्या जागी, साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान, त्याचा रोध कितीतरी पट वाढतो. वरच्या सुरांकडे जाताना व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे तो पुन्हा चढत जातो. ट्यूब पॉवर ॲम्प, रोध जिथे जास्त तिथे जास्त व्होल्टेज देतो. आपल्याला आवडणारा खालचा ठोका आणि वरची चमक यातून येते. साधा रेझिस्टिव्ह ॲटेन्युएटर ॲम्पला सगळीकडे सपाट ८ ओहम दाखवतो, त्यामुळे दोन्ही टोकं बसतात आणि लोक म्हणतात, 'ॲटेन्युएटर टोन खातो.' रिॲक्टिव्ह प्रकारात कॉइल आणि कपॅसिटर वापरून स्पीकरचा तो चढ-उतार उभा केलेला असतो, म्हणून ॲम्पला आपण खऱ्या स्पीकरलाच जोडलेलो आहोत असं वाटतं. तो महाग असतो. पण ॲम्पवर आधीच चांगले पैसे घातले असतील आणि एकच वस्तू घ्यायची असेल, तर ती हीच.

ॲटेन्युएटरकडून अपेक्षा माफक ठेवा. १० ते १२ डेसिबलपर्यंत कपात सुंदर लागते. बँडच्या सरावासाठी, छोट्या कॅफेतल्या कार्यक्रमासाठी तेवढं पुरतं. पूर्ण उघडलेल्या १५ वॅटच्या ॲम्पला बेडरूमच्या पातळीवर आणायचं तर ३५-४० डेसिबल कापावे लागतात, आणि तितक्या खाली कानाचा आणि स्पीकरचा वाटा सगळ्यावर भारी पडतो. म्हणून ॲटेन्युएटरनंतरही इक्वलायझर लागतोच. एक वेगळा फायदाही आहे: ॲटेन्युएटर ॲम्पची स्वतःची घुंई आणि खरखरही सिग्नलबरोबरच कमी करतो, मास्टर व्हॉल्यूम पॉवर ॲम्पची घुंई तशीच ठेवतो.

जोडताना काळजी घ्या. ॲम्पचा ओहम, ॲटेन्युएटरचा ओहम आणि स्पीकरचा ओहम जुळला पाहिजे. ॲटेन्युएटरची वॅटची क्षमता ॲम्पच्या दुप्पट धरा, कारण पूर्ण डिस्टॉर्शनमध्ये ॲम्प लिहिलेल्या वॅटच्या जवळजवळ दुप्पट देऊ शकतो. मधे स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल नको. आणि सर्वांत महत्त्वाचं: ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड (स्पीकरच्या जागी वीज पचवणारं यंत्र) न जोडता कधीही वाजवू नका. ट्रान्झिस्टर ॲम्पला ते चालतं. ट्यूब ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत प्रचंड व्होल्टेज उसळतो, सॉकेटमध्ये ठिणगी पडते, आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं की तो गेलाच.

५ वॅटच्या लहान ॲम्पसाठी ट्विटरला लावतात तो ८ ओहमचा, ५० वॅटचा एल-पॅड (आवाज कमी करणारा रेझिस्टरचा नॉब) चालतो. स्पीकरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. तो रेझिस्टिव्हच आहे, वरची चमक जाईल, पण प्रयोग म्हणून छान.

रात्री उशिरा वाजवणाऱ्यांसाठी लोड बॉक्स आहे. सगळी वीज तो स्वतः पचवतो, स्पीकर लागतच नाही, आणि स्पीकर-कॅबिनेटची डिजिटल नक्कल हेडफोनमध्ये देतो. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. ४५ म्हणजे शांत बोलण्याहूनही कमी. त्या वेळेत स्पीकरचा हट्ट सोडून हेडफोन लावणं मला योग्य वाटतं, नियमासाठीही आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या बाळासाठीही.

कमी वॅटचा ॲम्प घेतला तर?

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो जेवढा वाटतो तेवढा कामाचा नाही. वॅट निम्मे केले तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे वॅट दहाव्या हिश्श्यावर यावे लागतात. ५० वॅटचा ॲम्प विकून ५ वॅटचा आणला तर पूर्ण उघडल्यावर आवाज जेमतेम निम्मा. १ वॅटचा ॲम्पही पूर्ण उघडला की एक मीटरवर १०० डेसिबल, बेडरूमच्या हिशेबात २५ डेसिबल जास्तच. पेंटोड-ट्रायोड स्विच (पॉवर ट्यूब कमी ताकदीच्या पद्धतीनं चालवणारा) किंवा चारांपैकी दोन पॉवर ट्यूब काढणं, यांनीही साधारण निम्मीच वीज होते. फरक कळतो, पण प्रश्न सुटत नाही. ट्यूब काढणार असाल तर कुठली जोडी काढायची आणि ओहमचा स्विच कुठे न्यायचा, हे माहितगाराला विचारूनच.

स्पीकर

नाशिक ढोल टिपरूच्या हलक्या ठोक्यानं वाजवला तर तो फक्त हळू वाजत नाही, वेगळा वाजतो. पानाची ती गर्जना जोर लावल्याशिवाय निघतच नाही. स्पीकरच्या कागदी कोनचंही तसंच. वीज वाढली की कोन एकसंध हलणं सोडतो, त्याचे भाग वेगवेगळे थरथरतात, आणि त्यातून जाडी येते. ३ मिलिवॅटला तो जागचा जेमतेम हलतो.

इथे कमी सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका वॅटला कमी डेसिबल देणारा, स्पीकर थोडी मदत करतो. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर १०० डेसिबलचा आहे, त्याच कंपनीचा २५ वॅटचा ग्रीनबॅक ९८ चा. २ डेसिबलचा फरक म्हणजे वीज जवळजवळ एक तृतीयांशानं कमी केल्यासारखं. शिवाय कमी वॅटचा स्पीकर लवकर फुलतो. फक्त त्याची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा कमी नको.

घरची वीज

कमी आवाजात घुंई जास्त जाणवते, कारण तिला झाकणारं काही नसतं. आधी अर्थिंग तपासून घ्या. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या कित्येक वाड्यांत वायरिंग जुनं आहे, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी तार असेलच याची खात्री नाही. घुंई जावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका; ट्यूब ॲम्पमध्ये ते जिवावर बेततं. दुसरा संशयित म्हणजे पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची लाट कापून पंखा हळू करतो आणि ती खरखर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप उचलतात. टप्प्याटप्प्यानं फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की ती जाते. एलईडी डिमरचंही हेच.

अमेरिकेतून कुणी ॲम्प आणला असेल तर त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय का पाहा. आपल्याकडे २३० आहेत. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या गरजेपेक्षा भरपूर मोठा घ्या. आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, त्यांची ६०, म्हणून ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो.

एवढं सगळं करून एक गोष्ट उरते, ती म्हणजे लांबणारा सूर. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा गिटारच्या लाकडाला आणि तारांना परत हलवते, त्यामुळे एकच सूर मनाला येईल तितका धरता येतो. ७५ डेसिबलला ती हवा तारांपर्यंत पोचतच नाही. काँप्रेसर पेडल (मोठा आवाज दाबून लहान उचलणारं) थोडी भरपाई करतं. पण खरा फीडबॅक हवा असेल, तर वाजवता वाजवता गिटारचा हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) ॲम्पच्या कॅबिनेटला हलकेच टेकवा. कंपनं हवेऐवजी लाकडातून तारांकडे जातात. गेन पुरेसा असेल आणि सूर जुळला, तर हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या कमी आवाजातही सूर धरून राहतो. कॅबिनेटवर कुठे टेकवलं तर कुठला सूर उठतो, ते प्रत्येक गिटारचं वेगळं असतं, शोधावं लागतं.